सतरा दाणे

होळीच्या आदल्या आठवड्यात आत्याकडे गेले, तेव्हा पुण्यातल्या एका दुकानातून किलोभर खपली गहू घेऊन गेले होते. कृष्णाकाठी खपली नेणे म्हणजे कोल्हापुरात गूळ नेण्यासारखेच, पण यंदा तिच्या सगळ्या रानात ऊस होता आणि फोनवर ती म्हणाली होती, "औंदा घरची खपली न्हाई गं, पोळ्यांचं काय करायचं ते बघू." पिशवी देखणी होती, तिच्यावर बैलजोडीचे चित्र होते आणि भाव साध्या गव्हाच्या तिपटीच्या आसपास होता. आत्याने ती विळीवर धरून फोडली, गहू सुपात ओतला आणि ओसरीच्या कडेला, जिथे दुपारचा उजेड तिरपा येतो तिथे, पाय लांब करून निवडायला बसली. तिचे वय ८१ आहे. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले आहेत, तरी निवडताना ती सुपाकडे फारशी बघत नाही. रस्त्यावरून कोण गेले, कोणाच्या हातात कसली पिशवी होती, याकडे लक्ष ठेवून बोटांनीच गहू वाचत जाते. अर्ध्या तासाने तिने डब्याचे एक झाकण माझ्यापुढे सरकवले. मी मोजले, सतरा दाणे होते.

"ही बघ. लोकवन हाय ही. भेसळ केलीया. फसिवलं की तुला."

खरेच होते ते. खपलीचा दाणा लांबट, तांबूस, दोन्ही टोकांना निमुळता आणि पाठीला किंचित पोक आलेला असतो. उजेडात धरला तर काचेसारखा दिसतो. झाकणातले दाणे आखूड, गुबगुबीत, मधाच्या रंगाचे होते. मी वनस्पतिशास्त्राची निवृत्त प्राध्यापक. सत्तावीस वर्षे वर्गात बोलायची सवय झालेल्या माणसाला गप्प बसणे अवघड जाते. मी म्हटले, "आत्या, तशी ही भेसळ नव्हेच. लोकवन म्हणजे खपलीचीच नात आहे." आत्याने सूप एकदा फटकून कोंडा उडवला. "असंल की. म्हणून नातीला आजीच्या भावानं इकायचं व्हय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. ते झाकण तिने देवळीत ठेवून दिले, आणि पुढचे चार दिवस जाता-येता माझे लक्ष त्याच्याकडे जात राहिले.

आमच्या आजीच्या वेळी खपली अशी निवडून, पिशवीत भरून येत नसे. तिची मळणी केली तरी दाणा मोकळा होत नाही. लोंबीचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात दोन दाणे कवच घट्ट ओढून बसलेले असतात. ते कवच काढायला गहू थोडा ओला करून उखळात सडावा लागे. आजी आणि आत्या समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने मुसळ घालत, आणि त्या दोन आवाजांमधले अंतर इतके नेमके असे की मी शेजारच्या खोलीत झोपेतही ते मोजत असे. सडताना उडणारे कूस कोपरापर्यंत चिकटे आणि दिवसभर खाजे. संध्याकाळी त्याच सडलेल्या गव्हाची खीर होई, गूळ, खोबरे, खसखस आणि वर जायफळ. दाणा शिजूनही दाताखाली हलकासा तटतटे. गुडघ्यावरच्या जखमेची खपली आणि ही खपली एकच, असे मला लहानपणी वाटे, कारण दोन्ही सहजी निघत नसत. लोकवन आला आणि उखळ परसात तुळशीपाशी गेले. हा गहू मळणीतच मोकळा होतो. त्याच्या नावाबद्दलही माझी अशीच एक समजूत होती, की त्याचा कुठल्या तरी वनाशी संबंध असावा. तो गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेला 'लोक-१' आहे, म्हणजे 'लोक वन', हे मला नोकरी लागल्यावर कळले.

भेसळ हा शब्द काही मनातून जाईना. जीवशास्त्रात आम्ही त्यासाठी संकर म्हणतो, पण तोही शब्द निर्मळ नाही. शेतात येण्याआधी तो शतकानुशतके कुळाची आणि वर्णाची राखण करणाऱ्यांच्या तोंडी होता आणि त्यात धाक होता. १९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचे संकरित वाण आले, मग संकरित गाई आल्या, आणि हा शब्द सरकारी भिंतींवर सन्मानाने रंगवला गेला. लोकांनी मात्र तो सन्मान मानला नाही. आमच्याकडे हायब्रीड म्हणजे ती ज्वारी, आणि हायब्रीड म्हणजेच बेचव, फोफशी, दम नसलेली वस्तू. चालून दमलेल्या पोरालाही आत्या 'हायब्रीड' म्हणते. शाळेच्या पुस्तकात वर्गीकरणाची उतरंड कुल, प्रजाती, जाती अशी संपते. ज्या राज्यात जात या शब्दाला दुसराच इतका मोठा अर्थ आहे, तिथे "आपसांत प्रजनन करून जननक्षम संतती देणाऱ्या जीवांचा गट म्हणजे जाती" ही व्याख्या फळ्यावर लिहिताना माझा खडू दर वर्षी क्षणभर अडखळे, आणि मागच्या बाकांवर खसखस पिके. आता सगळीकडे त्याच अर्थाने प्रजाती म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. ही व्याख्या जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी १९४२ साली नीट मांडली. तिच्यात खरा भर कोण कोणात मिसळतो यापेक्षा कोण कोणात मिसळू शकत नाही यावर आहे. प्रजाती म्हणजे कुंपण, आणि कुंपणाआडून जनुकांची ये-जा झाली की तो अपवाद किंवा अपघात, अशीच माझीही समजूत महाविद्यालयीन वयात झाली होती. गव्हाने ती मोडली, आणि मोडायला फार वर्षे घेतली.

प्रयोगशाळेत आम्ही गव्हाच्या मुळांची टोके घेत असू. ओल्या टिपकागदावर दाणे रुजवायचे, सकाळी पांढऱ्या मुळांचे शेंडे कापायचे, आम्लात थोडे मऊ करायचे, अ‍ॅसिटोकार्मिनच्या लाल रंगात भिजवायचे. मग काचपट्टीवर शेंडा ठेवून वर पातळ काच, तिच्यावर टिपकागदाची घडी, आणि अंगठ्याने सरळ खाली दाब. अंगठा तसूभर जरी सरकला तरी सारे गुंडाळले जाते. जमले, तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पसरते आणि तिच्यात लाल दोऱ्यांचे बारीक तुकडे दिसतात, ती गुणसूत्रे. कांद्याची सोळा मोजणे सोपे असते. गव्हाची बेचाळीस मोजताना मुले रडकुंडीला येत. काही एकमेकांवर चढलेली, काही काठाबाहेर गेलेली. बहुतेक जण अडतीस-चाळीस मोजत आणि वहीत पुस्तकातला आकडा लिहीत. एका मुलीने एकदा विचारले, "मॅडम, मला एकेचाळीसच दिसतात. बेचाळीस लिहू का?" मी तिला एकेचाळीसच लिहायला लावले आणि पूर्ण गुण दिले. १९१८ साली जपानच्या साकामुरा यांनी ही मोजणी पहिल्यांदा बरोबर केली. त्याआधीचे मोठमोठ्यांचे आकडे चुकलेले होते. साकामुरांना जे दिसले ते असे, की गव्हाच्या गोतातल्या काही गवतांत चौदा गुणसूत्रे असतात, खपलीच्या गटात अठ्ठावीस आणि पोळी-पावाच्या साध्या गव्हात बेचाळीस. चौदा एके चौदा, चौदा दुणे अठ्ठावीस, चौदा त्रिक बेचाळीस. पाढाच होता तो, आणि त्या पाढ्यात गव्हाची कुळकथा दडलेली होती.

शेतीच काय, शेती करणारा माणूसही नव्हता, तेव्हा पश्चिम आशियात दोन रानगवते शेजारी वाढत होती. एक ट्रिटिकम उरार्टू, दुसरे एजिलॉप्स स्पेल्टॉइडिसच्या जवळचे. एकाचे पराग वाऱ्याने दुसऱ्यावर पडले आणि संकर झाला. त्या संकराच्या अंगात सात गुणसूत्रे बापाची आणि सात आईची, पण फुगडीला उभे राहावे आणि कोणालाच जोडीदारीण मिळू नये अशी त्यांची गत होती. पराग किंवा बीजांड तयार होताना प्रत्येक गुणसूत्राला आपले जुळे शोधून त्याच्याशी गाठ घालावी लागते. ती पडली नाही तर खेचरासारखा प्रकार होतो, रोप उभे राहते पण दाणा भरत नाही. क्वचित एखाद्या पेशीत गुणसूत्रांची अर्धी वाटणी व्हायची राहून जाते. अशी न वाटलेली दोन बीजे एकत्र आली की चौदांचे अठ्ठावीस होतात आणि प्रत्येकाला हुबेहूब आपले जुळे मिळते. ही चूक झाली, तीच पुढे सुधारणा ठरली. त्यातून झालेला रानटी गहू १९०६ साली आरोन आरोनसोन या कृषिशास्त्रज्ञाला आजच्या इस्रायलमधल्या गॅलिलीतल्या रोश पिना गावाजवळ खडकाच्या कपारीत उभा सापडला. माणसाने सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तोच शेतात आणला, आणि त्याची शेतात रुळलेली लेक म्हणजे आपली खपली.

पुढे शेतकरी हा गहू घेऊन पूर्वेकडे सरकले आणि कास्पियन समुद्राच्या नैर्ऋत्येला त्यांच्या बांधावर एजिलॉप्स टॉशिआय नावाचे गवत उभे होते. हे गवत अगदीच किरकोळ असते, मण्यांची माळ ओवावी तशी त्याची बारीक लोंबी, आणि दाण्याला खाण्याजोगा गर जवळजवळ नाही. आठ-दहा हजार वर्षांपूर्वी खपलीच्या त्या पूर्वजाशी त्याचा संकर झाला, पुन्हा तीच चूक झाली, आणि अठ्ठावीस अधिक चौदा असा बेचाळीसांचा गहू जन्मला. तो रानात कधीच नव्हता. त्याचा पहिला कोंबच शेतात फुटला. असे संकर फार थोड्या वेळा घडले असावेत, कारण त्या गवतात जी विविधता आहे तिचा अगदी लहान अंश आजच्या गव्हात उतरलेला दिसतो. कोण्या बाईच्या सुपात ते पहिले दाणे आले असतील, तेव्हा तिनेही ते वेगळे काढून कशाच्या तरी झाकणात ठेवले असतील की काय, असे मला त्या चार दिवसांत सारखे वाटत होते. तिने ते टाकले नाहीत एवढे नक्की. आज जगात पिकणाऱ्या गव्हापैकी सुमारे ९५ टक्के गहू त्याचा आहे. खपलीची कणीक मऊ असते, पण ताणली की तुटते. लोकवनाची ताणली तर लांबते, सोडली तर मागे येते, ते प्रामुख्याने त्या किरकोळ गवताकडून आलेल्या प्रथिनांमुळे. पाव फुगतो तो त्याच्याच जोरावर.

दुसरे महायुद्ध चालू असताना जपानमध्ये हितोशी किहारा आणि अमेरिकेत मॅकफॅडन व सीअर्स हे, साध्या गव्हाचा दुसरा पूर्वज हेच गवत, या एकाच उत्तरापाशी पोचले, शत्रुराष्ट्रांत राहून, एकमेकांची खबर नसताना. अमेरिकेतल्या जोडीने अठ्ठावीसवाला गहू आणि हे गवत यांचा संकर करून, गुणसूत्रे दुप्पट करून, बेचाळीसवाला गहू पुन्हा घडवला. निसर्गात एकदा घडून गेलेली प्रजाती माणसाने हाताने परत करून दाखवावी, असे फार थोड्या वेळा झाले आहे. मला त्याहून नवल वाटते ते १९५८ च्या सुमारास लक्षात आलेल्या एका गोष्टीचे. बेचाळीसांत तीन चुलत घराणी नांदतात आणि तिघींची गुणसूत्रे दिसायला सारखीच. फुगडीला आपली जुळी सोडून चुलत बहिणीचा हात धरला तर सगळा फेर विस्कटेल. तो विस्कटू नये म्हणून गव्हात पीएच-१ नावाची एक व्यवस्था आहे. ती काढून टाकली तर घराण्या-घराण्यांत गाठी पडू लागतात आणि दाणा कमी भरतो.

नुसते मिसळल्याने नवी प्रजाती होत नाही, मिसळल्यावर दार लागावे लागते.

गव्हात ते दार गुणसूत्रांच्या आकड्याने लागले. दुप्पट झालेले रोप आपल्या आईबापांपैकी कोणाशीही जुळेनासे झाले, आणि म्हणूनच त्यांच्यात परत विरून गेले नाही. आकड्याखेरीज इतर कशानेही दार लागू शकते. गालापागोसच्या डॅफ्ने मेजर या उजाड बेटावर १९८१ साली शंभराहून अधिक किलोमीटर अंतरावरच्या एस्पान्योला बेटावरचा फिंच पक्ष्याचा एक नर आला. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य तिथे वर्षानुवर्षे एकेका पक्ष्याच्या पायात कडी घालून नोंद ठेवत होते, त्यामुळे हा पाहुणा त्यांच्या नजरेतून सुटला नाही. तो अंगाने मोठा, चोचीने मोठा, आणि त्याचे गाणे त्या बेटावर कोणाचेच नव्हते. त्याने तिथल्याच मादीशी जोडी केली. पिल्ले बापाचे गाणे शिकली, स्थानिक माद्यांनी ते गाणे ओळखले नाही, आणि मग दुसऱ्या पिढीपासून त्या कुळाने आपसांतच जोड्या लावल्या. एका दुष्काळात त्यांतली फक्त एक भावा-बहिणीची जोडी उरली आणि तिच्यापासून ते कूळ पुन्हा वाढले. २०१७ साली त्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा सारी वंशावळ डोळ्यांसमोर घडल्याप्रमाणे सिद्ध झाली. नवी प्रजाती म्हणायची का, यावर वाद घालणारे घालतात. मला त्यातले गाणे लक्षात राहिले. आकड्याइतकेच घट्ट दार एका लकेरीने लागले.

पण लागलेल्या दाराला फटही असते, आणि त्या फटीशी आमच्या खपलीचा जवळचा संबंध आहे. खपली आणि साधा गहू यांचा संकर केला तर पस्तीस गुणसूत्रे येतात. चौदा जोड्या नीट लागतात आणि सात एकटी भटकतात. रोप अशक्त, दाणे थोडे आणि सुरकुतलेले, पण थोडे तरी येतात. गेल्या शतकाच्या सुरुवातीला तांबेऱ्याने जगभरची गव्हाची शेते तांबूस राखेसारखी करून टाकली, तेव्हा अमेरिकेत मिनेसोटाच्या स्टॅकमन यांनी रोगाचे प्रकार ओळखण्यासाठी बारा कसोटी-वाण ठरवले, आणि त्यांतल्या एकाचे नाव होते 'खपली'. आपल्याकडच्या उखळांतला शब्द मिनेसोटाच्या तक्त्यात जसाच्या तसा जाऊन बसला. सिडनीला वॉटरहाउस यांनी खपलीचा स्टाइनवेडेल नावाच्या साध्या गव्हाशी संकर करून जो गहू केला, त्याचे नाव त्यांनी दोन्ही घरची नावे जोडून खपस्टाइन ठेवले, आपल्याकडे नव्या घराला आई-वडिलांच्या नावांतली अक्षरे जोडून नाव देतात तसे. खपलीतून आलेले एसआर-१३ हे तांबेराविरोधी जनुक गेल्या शतकाच्या अखेरीस युगांडात उद्भवलेल्या भयंकर तांबेऱ्यापुढेही टिकले. मॅकफॅडन यांनी त्याआधीच रशियन खपलीकडून असेच एक जनुक साध्या गव्हात आणले होते; ते पुढे मेक्सिकोच्या बुटक्या वाणांत गेले, आणि १९६० च्या दशकात तसले मेक्सिकन गहू जहाजे भरभरून भारतात आले. त्या गव्हांच्या लोंढ्यातच आमच्याकडची खपली मागे पडली. म्हणजे जिने आजीला घराबाहेर काढले, त्या नातीच्या गोतावळ्यात आजीच्याच एका मावस बहिणीने दिलेली दुखण्यावरची पुडी होती. आत्याला हे सांगितले असते तर तिने "घराघरांत हेच चालतंय" म्हटले असते, म्हणून सांगितले नाही.

इथपर्यंत माझी बाजू भक्कम होती. मिसळणीतून नवे जन्मते, हे मी वर्गात उत्साहाने सांगत आले. पण दोन वर्षांपूर्वी जे पाहिले, ते या उत्साहात बसत नाही. माझा एक जुना विद्यार्थी सासवड-जेजुरीच्या माळरानांवर लांडग्यांच्या नोंदी करतो. त्याच्याबरोबर एका पहाटे गेले होते. माळ वाळलेला, कुसळी गवताने पायमोजे भरलेले, लांबवर प्लॉटचे पांढरे दगड आणि त्यांच्या पलीकडे कोंबड्यांच्या शेडमधून येणारा उग्र वास. सात वाजता एक प्राणी ओढ्याच्या काठावर आला आणि आमच्याकडे मान वळवून उभा राहिला. लांडग्याचेच उंच पाय, तीच सरळ पाठ, पण रंग राखाडी-तपकिरी नव्हे, तर पिकलेल्या गव्हाचा, चक्क सोनेरी. मला तो अतिशय सुंदर वाटला. आमच्याबरोबर एक वयस्क धनगर होते, ज्यांच्या मेंढ्यांत लांडगा शिरण्याच्या गोष्टी आम्ही वाटेत ऐकल्या होत्या. ते काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यो आमचा न्हवं." लांडगा त्यांचा वैरी, पण आमचा. त्या आवाजात राग नव्हता, थोडी शरम होती, जणू ओळखीच्या घरात काहीतरी बिनसले आहे.

पुण्याजवळच्या लांडग्यांत कुत्र्याचा अंश आल्याचे जनुकीय पुराव्याने दाखवणारे संशोधन २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्याची सुरुवातही अशाच विचित्र रंगाच्या प्राण्यांची छायाचित्रे टिपणाऱ्या स्थानिक माणसांपासून झाली होती. कुत्रा आणि लांडगा दोघांतही अठ्ठ्याहत्तर गुणसूत्रे आहेत, जोडीला काही अडत नाही, पिल्ले जननक्षम होतात. दार म्हणून होते ते फक्त माळरान, आणि लांडग्याला लांडगा मिळण्याची शक्यता. भारतात लांडगे उरले दोन-तीन हजारांच्या घरात, कुत्री कोट्यवधी. अशा ठिकाणी ये-जा सुरू झाली की नवे काही उभे राहायला उसंतच मिळत नाही, पेल्याभर दूध विहिरीत ओतावे तसे होते. तो सोनेरी प्राणी नव्या कुळाचा मूळपुरुष असेल असे मला त्या सकाळी मनापासून वाटायला हवे होते आणि वाटले नाही. तरी विरोधाचे शिक्के मारताना हात थबकतो, कारण उत्तर अमेरिकेतल्या लांडग्यांचा काळा रंग हजारो वर्षांपूर्वी कुत्र्यांकडूनच आला, आणि जिथे डिस्टेंपर या रोगाची साथ फिरते तिथे काळे लांडगे अधिक आढळतात. त्या जनुकाने रंगाबरोबर रोगाशी लढायचे बळही दिलेले दिसते. तिथे लांडगे पुष्कळ होते आणि कुत्र्यांचा अंश चिमूटभर. चिमूटभर हिंग आणि वाटीभर हिंग, यांत पदार्थ तोच असतो, आमटी मात्र एकच खाण्याजोगी होते.

होळीच्या आदल्या रात्री झोप येईना, तेव्हा मी एक हिशेब केला. हजार दाण्यांचे वजन चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम धरले तर किलोभर खपलीत बावीस ते पंचवीस हजार दाणे भरतात. त्यांत सतरा म्हणजे शेकडा एकाचा दहावा हिस्साही नाही. आफ्रिकेबाहेर पसरलेल्या आपणा सर्वांच्या अंगात निअँडरथल माणसाचा अंश एक ते दोन टक्के असतो, म्हणजे आत्याच्या सुपात मला ओतले तर ती दोनशे ते पाचशे दाणे वेगळे काढील. आणि स्वतःला ओतले तरी तितकेच. त्या माणसांच्या हाडांतून जनुके वाचून काढणाऱ्या स्वांते पॅबो यांना २०२२ साली नोबेल मिळाले. आमच्या ओसरीवर हे काम विनापारितोषिक चालते.

सकाळी पुरण शिजत होते. चूल बाहेर मांडली होती, हरभऱ्याच्या डाळीला फेस येऊन तो पातेल्याच्या काठावरून चुलीत सांडत होता आणि सांडला की चुर्र वाजत होता. आत्याने परातीत खपलीचे पीठ घेतले, मीठ टाकले, पाण्याचा हबका मारला. मग उठून कोठीतून दुसरा डबा आणला आणि त्यातले पीठ दोन मुठी त्यात टाकले. तिच्या मुठी अजून मोठ्या आहेत.

"हे कशाचं?"

"लोकवनाचं. निव्वळ खपलीची पोळी लाटताना फाटती, पुरान भाईर येतं. पैल्यापास्नं घालतो की आम्ही."

मी देवळीकडे बघितले. झाकण तिथे नव्हते. सतरा दाणे तिने केव्हाच लोकवनाच्या डब्यात टाकून दिले असावेत.

"मग आत्या, ही भेसळ नव्हे?"

तिने तेलाचा हात लावून कणीक उचलली, परातीत आपटली आणि ताणून बघितली. ती लांबली, आणि सोडल्यावर सावकाश मागे आली.

"ती त्यांनी घातली हुती," ती म्हणाली, "ही मी घातली. बस आता, पुरान वाट."